सासऱ्यांची मुलाखत रेकॉर्ड करायची आहे, आधी कोणते पॉडकास्ट ऐकू?

दारव्ह्याची सून

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली आहे. माझे मामाजी, म्हणजे सासरे, ८१ वर्षांचे आहेत आणि सगळी नोकरी त्यांनी शकुंतलेवर चावीवाला म्हणून केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूरची अडीच फुटी रुळाची गाडी, इंग्रजांच्या काळात इथला कापूस बाहेर न्यायला टाकलेली, १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालायची, आता बंद पडून बरीच वर्षं झाली. चावीवाल्याचं काम म्हणजे रोज हातोडा खांद्यावर घेऊन रुळारुळाने पायी जायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या असल्या तर ठोकून पक्क्या करायच्या. ऊन असो पाऊस असो, रोज. माझी मुलगी नववीत आहे, तिला ती गाडी आठवत नाही. म्हणून मनात आलं की मामाजींचं हे सगळं त्यांच्याच आवाजात धरून ठेवावं, घरासाठी तर हवंच पण जमलं तर पॉडकास्ट म्हणून बाहेरही टाकावं.

मागच्या रविवारी एकदा करून पाह्यलं. ओसरीत खुर्ची टाकली, फोन समोर धरला अन् विचारलं, मामाजी तुमचा रेल्वेतला अनुभव कसा होता? ते म्हणाले, बरा होता. मग विचारलं काही अडचणी आल्या का, तर म्हणे अडचणी त येतच रायतात बाई. चार मिनिटांत संपलं. आणि हाच माणूस संध्याकाळी पारावर बसला की दोन दोन तास बोलते, म्हणून जास्त जीव तुटते.

म्हणून ठरवलं आधी चांगल्या मुलाखती ऐकायच्या, दुसरे लोक कसं बोलतं करतात ते पाहायचं. दोन तीन गाजलेले पॉडकास्ट ऐकले, चांगले आहेत, पण तिथे स्टुडिओ, मोठे माईक, नामवंत पाहुणा, आणि पाहुण्याला बोलायची सवय असते. माझ्या कामाचं त्यातलं काय घ्यावं ते कळलं नाही. साध्या, म्हाताऱ्या, कधी माईक न पाह्यलेल्या माणसांच्या मुलाखती कुठे ऐकायला मिळतील? इंग्रजी हळू असलं तर समजते मला.

अजून एक. मामाजी पक्कं वऱ्हाडी बोलतात. आमचे जेठजी, म्हणजे मोठे दीर, म्हणतात बाहेर टाकायचं असेल तर त्यांना शुद्ध बोलायला सांग नाहीतर लोक हसतील. मला ते पटत नाही पण भीतीही वाटते. तुम्हाला काय वाटते?

सामान काही नाही, एक फोन आहे. रेंज गच्चीवर येते.

---

पऱ्हाटी

ताई, मी मूळचा अकोल्याचा, आवाजाच्याच कामात आहे, तुमचं वाचलं अन् हातातलं काम ठेवून लिहायला बसलो.

पहिली गोष्ट, पॉडकास्ट ऐकताना पाहुण्याकडे कान देऊ नका, विचारणाऱ्याकडे द्या. एकच एपिसोड दोनदा ऐका. पहिल्यांदा गोष्ट म्हणून, दुसऱ्यांदा वही घेऊन बसा अन् फक्त प्रश्न लिहून काढा, प्रश्न किती शब्दांचा होता, विचारल्यावर तो किती वेळ गप्प राह्यला, पाहुणा थांबला तेव्हा लगेच दुसरा प्रश्न टाकला की वाट पाह्यली. मी शिकलो ते असंच शिकलो. दहा एपिसोड असे ऐकले की तुमचा तो "अनुभव कसा होता" वाला प्रश्न तुमच्याच तोंडून निघणार नाही.

आता नावं. तुमच्यासाठी सगळ्यात आधी स्टोरीकोअर. अमेरिकेतलं आहे, डेव्ह आयसे नावाच्या रेडिओवाल्याने २००३ मध्ये सुरू केलं आणि गंमत म्हणजे सुरुवात रेल्वे स्टेशनातच झाली, न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक लहानशी बंद खोली उभारली. दोन माणसं आत जातात, नातू आणि आजी, नवरा बायको, दोन जुने मित्र, ४० मिनिटं एकमेकांशी बोलतात, रेकॉर्डिंग त्यांना मिळते आणि त्यांची परवानगी असली तर एक प्रत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवतात. पॉडकास्टवर त्याचे लहान लहान तुकडे येतात. तुमच्या कामाचं अशासाठी की विचारणारा पत्रकार नसते, घरचंच माणूस असते. मधात कोणी रडते, कोणी हसते, आणि ते कापत नाहीत. त्यांच्या साईटवर प्रश्नांची मोठी यादी फुकट आहे, त्यातले दहा निवडा आणि भाषांतर करू नका, मुलीला वाचून दाखवा अन् तिला म्हणा हे तू आबाला कसं विचारशील, ती जसं म्हणेल तसं लिहून घ्या.

दुसरं, बीबीसीचं विटनेस हिस्टरी. नऊ दहा मिनिटांचा एपिसोड, एक घटना आणि ती घटना स्वतः पाह्यलेला एक माणूस. विचारणाऱ्याचा आवाज फार कमी, जेवढी माहिती लागते तेवढी दोन वाक्यांत सांगून बाजूला होतात. हे ऐकून तुम्हाला एडिट कसं करायचं ते कळेल. माझं म्हणणं एक तासाचा एपिसोड बनवायच्या मागे लागू नका. रेकॉर्डिंग कितीही तास करा, पण बाहेर टाकायचा तुकडा दहा मिनिटांचा आणि एका गोष्टीचा. कोळशाचं इंजिन गेलं अन् डिझेल आलं त्या दिवशी मामाजी कुठे होते? बास, हा झाला एक एपिसोड.

लांब मुलाखत कशी टिकते ते पाह्यचं असेल तर अमित वर्माचा द सीन अँड द अनसीन, २०१७ पासून चालू आहे, इंग्रजीत आहे आणि कित्येक एपिसोड तीन चार तासांच्या वर जातात. तो माणूस बालपणापासून सुरू करते, घाई नाही. पहिल्या तासात पाहुणा ठरलेलं बोलते, नंतर नंतर खरा मोकळा होते, ते कानाला जाणवते. मराठीत मित्रम्हणे, अमुक तमुक, थिंक बँक आहेत, मी तिन्ही ऐकतो, पण पाहुणे बहुतेक कलाकार नाहीतर त्या त्या विषयाचे जाणकार, त्यामुळे तुम्हाला वाटलं ते बरोबर आहे. तिथून फक्त एक घ्या, आधीच्या उत्तरातलाच शब्द उचलून पुढचा प्रश्न कसा करतात.

रेंजचं म्हणाल तर गच्चीवर जाऊन डाऊनलोड करून ठेवा. साधारण एका तासाला ५५ ते ६० एमबी जातात, फार नाही.

---

निवृत्त गुरुजी, वरुड

सूनबाई, भाषेबद्दल लिहितो कारण बाकीचं मला फार कळत नाही.

मामाजींची भाषा बदलू नका. हात जोडून सांगतो. "रूळ तापले की चावी ढिली होते" हे ते वऱ्हाडीत सांगतील तेव्हा त्यात चाळीस वर्षांचं चालणं आहे, शुद्ध करायला लावाल तर माणूस आधी व्याकरण शोधेल अन् मग आठवण, आणि तोवर आठवण निघून गेलेली असेल. मी छत्तीस वर्षं शिकवलं, फळ्यासमोर उभं केलं की वऱ्हाडी पोरगं मुकं होते हे रोज पाह्यलं. तुमच्या ओसरीतल्या खुर्चीवर तेच झालं असावं.

आमच्या वरुडपासून रिद्धपूर जवळ आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या याच भागात बसून. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाह्यलं, त्यांच्याजवळ ते स्वतः गेले, पायी हिंडले, विचारलं, आणि एकाची आठवण दुसऱ्यापेक्षा वेगळी निघाली तर तेही नोंदवलं. त्यातून लीळाचरित्र उभं राह्यलं, मराठीतला पहिला गद्य ग्रंथ. त्यात लोक बोलतात ते त्यांच्या रोजच्या बोलीत बोलतात आणि म्हणूनच आज साडेसातशे वर्षांनी त्या बाया, ते गडी आपल्याला समोर दिसतात. तुम्ही करू पाहता ते काम आपल्या मातीत नवं नाही सूनबाई. म्हाइंभटांजवळ फोन नव्हता एवढाच फरक.

ऐकायचंच म्हणाल तर पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, पत्रकार पी. साईनाथांनी सुरू केलेलं, त्यांच्या साईटवर जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायांच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. २०१७ पासून त्या पारीवर येऊ लागल्या. ती मुलाखत नाही, पण ऐका. बाई गाते, मधात थांबते, जात्याची घरघर येते, आणि खाली तिचं नाव, गाव सगळं मानाने लिहिलेलं असते. शब्द तिचेच. कोणी सुधारले नाहीत. मी माझ्या आईच्या ओव्या लिहूनही घेतल्या नाहीत, त्या वेळी वाटलं नाही, आता त्यातल्या दोनच आठवतात.

न कळणारा शब्द आला तर त्याचा उपाय सोपा आहे, तुम्हीच मधात विचारा, "मामाजी, हे म्हणजे काय?" ते समजावून सांगतील आणि ऐकणाऱ्यालाही कळेल. जेठजींना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा.

---

झाडीबोली

गुरुजींशी शंभर टक्के सहमत. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, तर अजूनच, आम्ही पुण्यात बोललो की समोरचा विचारतो तुम्ही मराठीच ना. तेलंगणात जहीराबादजवळ संगम रेडिओ आहे, २००८ पासून, गावातल्या दलित बाया स्वतः चालवतात आणि बोलतात ते त्यांच्या घरच्या तेलुगूत, पुस्तकातल्या नाही. मला तेलुगू येत नाही तरी मी त्यांचं थोडं ऐकलं, कारण बोलणारीच्या आवाजात कुठे अंग चोरल्यासारखं नव्हतं आणि तेच मला पाह्यचं होतं.

आता माझा अनुभव सांगतो, कदाचित कामी पडेल. मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. बाबा तरुणपणी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, सोंग घ्यायचे. दोन वर्षांपाठी त्यांना रेकॉर्ड करायला बसवलं, नवीन सदरा घालून बसले, अन् मी विचारत होतो "तुम्ही दंडारीत कधी आले आणि घरचे काय म्हणाले आणि तेव्हा किती पैसे मिळत होते?" एका दमात तीन प्रश्न. त्यांनी शेवटच्याचं उत्तर दिलं, पैसे मिळत नव्हते, आणि चूप. मग भाषणासारखं बोलायला लागले, आजच्या पिढीने कला जपली पाहिजे वगैरे. तासभराचं ते रेकॉर्डिंग आहे माझ्याजवळ, त्यात माझे बाबा नाहीत.

महिन्याभराने ते आंगणात अंबाडीची दोरी वळत बसले होते. मी बाजूला बसलो, फोन पालथा ठेवला, सांगितलं की चालू आहे, अन् एकच विचारलं, "लुगडं कोणाचं नेसायचे तुम्ही?" हात चालू, डोळे दोरीवर, आणि बोलणं सुरू झालं ते पाऊण तास थांबलं नाही. लुगडं आजीचं होतं. आजोबांना माहीत नव्हतं. एका रात्री आजोबा समोरच्या रांगेत येऊन बसले अन् त्यांनी लुगडं ओळखलं. हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

म्हणून ताई, मामाजींच्या हातात हातोडा द्या. त्यांचा जुना घरी असेल तर तोच. आणि प्रश्न वस्तूचा विचारा, वजन किती, दांडा कोणत्या लाकडाचा, कोणी बसवून दिला, डब्यात काय असायचं, कुठे बसून खायचे, वाटेत कोणतं झाड होतं. "अनुभव" या शब्दाला माणसाजवळ उत्तर नसते, डब्याला असते.

ऐकायला अजून एक नाव, स्टड्स टर्कल. शिकागोच्या रेडिओवर १९५२ पासून ४५ वर्षं मुलाखती घेतल्या. मोठमोठे गायक लेखक तर आलेच, पण तो टेप घेऊन कामगारांकडे, साध्या घरांत गेला, त्यासाठीच जास्त ओळखतात त्याला. त्याची बरीच रेकॉर्डिंगं इंटरनेटवर फुकट आहेत. त्याला म्हणे टेप रेकॉर्डर धड चालवता यायचा नाही आणि समोरचे लोक मदत करायचे, त्यातच त्यांची भीड चेपायची. त्याचा एक किस्सा मी कधी विसरत नाही. एका गरीब वस्तीतल्या आईची मुलाखत घेतली, लेकरं भोवती उड्या मारून राह्यली होती, त्यांना आईचा आवाज मशीनमधून ऐकायचा होता. त्याने टेप मागे नेऊन लावली. ती बाई तोंडावर हात ठेवून ऐकत राह्यली आणि म्हणाली, मला असं वाटते हे मलाच माहीत नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक रेकॉर्डिंग बाबांना परत ऐकवतो. ऐकता ऐकता म्हणतात, "हे राह्यलं सांगाचं," अन् पुन्हा सुरू. तुम्हीही फोन पुन्हा चालू करायच्या तयारीने ऐकवा.

---

लाल मिरची भिवापूर

सगळे छान सांगून राहिले पण मी एक बोलू का. ऐकण्यात महिना घालवू नका. ८१ वय आहे. आठवड्यात तीन चार एपिसोड ऐका आणि बसा, ऐकणं अन् रेकॉर्ड करणं दोन्ही सोबत चालू द्या.

आणि मामाजींना आधीच स्पष्ट सांगा की हे बाहेर टाकायचा विचार आहे, कोण कोण ऐकेल ते सांगा, त्यांना कळेल अशा शब्दांत. मग रेकॉर्ड झाल्यावर परत विचारा काय ठेवायचं काय काढायचं. जुन्या नोकरीच्या गोष्टीत कोणा साहेबाबद्दल, कोणा सोबतच्याबद्दल काही निघते, त्यांची लेकरं नातवंडं गावातच राहत असतात. माझ्या मावशीची मुलाखत एका ओळखीच्या मुलाने न विचारता टाकली होती, तिच्या माहेरची एक गोष्ट त्यात होती. मावशी त्यानंतर कधी कोणाच्या फोनसमोर बोलली नाही. म्हणून जोर देऊन सांगते.

एक सोपी आयडिया पण. बीबीसीवर डेझर्ट आयलंड डिस्क्स नावाचा कार्यक्रम १९४२ पासून आहे, पाहुण्याला विचारतात निर्जन बेटावर गेलात तर कोणती आठ गाणी न्याल, आणि गाण्यांच्या निमित्ताने आख्खं आयुष्य बाहेर येते. मामाजींना विचारा रुळावर एकटे चालताना काय गुणगुणायचे. त्यांच्या वयाच्या माणसाने तुकडोजी महाराजांची खंजिरी प्रत्यक्ष ऐकलेली असू शकते, महाराज १९६८ ला गेले तेव्हा मामाजी विशी-पंचविशीत असतील.

---

रुईचा गठ्ठा

टेक्निकल कोणी बोललंच नाही म्हणून पटकन. फोन फ्लाईट मोडवर टाका. पंखा बंद, कूलर बंद, फ्रिजचं बटण बंद (नंतर चालू करायला विसरू नका, दूध नासते). फोन तोंडापासून एक वीत, समोर नाही, जरा बाजूला, नाहीतर प, फ, भ चे फटके बसतात. बाहेर वारं असलं तर फोनच्या माईकवर सुती पातळ फडकं. सेटिंगमध्ये वेव्ह (WAV, आवाज न दाबता साठवणारी) फाईल मिळत असली तर ती घ्या, मिनिटाला ५ एमबी जाते, फोनमध्ये जागा आधी करून ठेवा. संपल्यावर कोणी काही न बोलता एक मिनिट तसंच चालू ठेवा, तो रिकामा आवाज एडिट करताना जोडाला लागते. कापाकापीला ऑडॅसिटी, फुकट आहे, कॉम्प्युटर लागेल मात्र, शाळेत नाहीतर ओळखीच्याकडे मिळेल.

जागा म्हणाल तर घरात कापूस भरलेली खोली असेल तर तिच्यासारखा स्टुडिओ नाही. स्टुडिओत भिंतीला मऊ पॅनल लावतात ते आवाज घुमू नये म्हणूनच, कापूस तेच काम करते. फक्त साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, म्हाताऱ्या माणसाला त्यात बसवू नका, दारात खाट टाका, कापसाकडे तोंड करून.

---

दारव्ह्याची सून

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू. एक एक उत्तर मुलीने मोठ्याने वाचलं, गुरुजींचं जेठजींनी स्वतः दोनदा वाचलं अन् काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मामाजींचा हातोडा माळ्यावरून त्यांनीच काढून आणला.

स्टोरीकोअरचे पाच सहा तुकडे गच्चीवर ऐकले, वही घेऊन. एका एपिसोडमध्ये मुलगा फक्त एवढं विचारते की तेव्हा तुम्ही काय केलं, आणि मग कितीतरी वेळ कोणीच बोलत नाही. मी असती तर तीनदा बोलली असती त्यात. मग माझं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग परत ऐकलं, मामाजी "बरा होता" म्हणून श्वास घेतात, पुढे काही सांगायचं असावं असा श्वास, आणि मी त्यावरच दुसरा प्रश्न टाकला. ते ऐकून फार वाईट वाटलं.

आमचा कापूस अजून घरात आहे, भाव वाढायची वाट पाहून राहिलो. काल दुपारी दारात खाट टाकली, मांडीवर हातोडा. मुलीने विचारलं, "आबा, चावी पक्की बसली हे कसं कळे तुम्हाले?" मामाजी म्हणाले कानाने. पक्की असली त टण्ण बोलते, ढिली असली त बद्द. पुढे म्हणाले पावसाळ्यात धुक्यामधी दहा पावलांवरचं दिसत नसे, तेव्हा डोळ्याने नाई, आवाजाने चालो मी. मी चूप राह्यली. मनातल्या मनात वीस मोजले. मग ते स्वतःच त्यांच्या जोडीदाराबद्दल बोलायला लागले, तो पुढच्या टप्प्यावर असायचा अन् दोघं एकमेकांच्या हातोड्याचा आवाज ऐकून समजायचे की तो ठीक आहे. ५२ मिनिटं झाली. मधात दोनदा बकरी ओरडली, राहू दिली.

शाळेची घंटा म्हणून आमच्या गावात रुळाचाच तुकडा टांगलेला आहे. रविवारी शाळा बंद असते, सरांची परवानगी घेतली आहे, मामाजी तिथे येऊन ठोकून दाखवणार, पक्का आवाज कसा अन् ढिला कसा. एपिसोडची सुरुवात त्याने करायची असं मुलीचं म्हणणं आहे.

संध्याकाळी त्यांना परत ऐकवलं, झाडीबोली दादांनी सांगितलं तसं. मामाजी ऐकत होते आणि स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, डबा मी द्यो, त्यात भाकर अन् ठेचा राहे, आणि तुम्ही सांगता तसा बारा वाजता नाई, अकरालेच खाऊन टाको तुम्ही. मामाजी नाई म्हणाले. त्या होच म्हणाल्या. दोघांचं पंधरा मिनिटं चाललं आणि फोन बंद होता. उद्या त्यांना दोघांनाही सोबत बसवते. सासूबाईंनी फक्त विचारलं की पदर डोक्यावर घ्यावा लागते का, मी म्हटलं फोटो नाही काढत, आवाजच घेतो.

एक शेवटचं विचारायचं, दोन माणसं एकदम बोलायला लागली तर एकाच फोनवर दोघांचा आवाज सारखा यायला फोन कुठे ठेवू?

---

रुईचा गठ्ठा

दोघांच्या मधोमध, पण ज्यांचा आवाज बारीक त्यांच्याकडे थोडा सरकवून. खाली उशी ठेवा म्हणजे खाटेची करकर येणार नाही. आणि आज रात्रीच त्या ५२ मिनिटांच्या फाईलची कॉपी दुसऱ्या कुठेतरी करून ठेवा ताई, आधी ते करा.